आर्जेंतो यांच्या 'जाल्लो'मध्ये नेमके काय बिनसले?

अर्धविराम

इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो यांचा 'जाल्लो' हा २००९ सालचा चित्रपट मी गेल्या शनिवारी रात्री तीन मित्रांना घरी बोलावून दाखवला, आणि तेव्हापासून त्या तिघांच्या थट्टेचा विषय झालो आहे. चूक माझीच आहे. महिनाभर मी त्यांच्यापुढे आर्जेंतो यांच्याच जुन्या 'प्रोफोंदो रोस्सो' (१९७५) आणि 'सस्पिरिया' या चित्रपटांचे गोडवे गात होतो. ज्या दिग्दर्शकाने एक अख्खा चित्रप्रकार नावारूपाला आणला, त्यानेच त्या प्रकाराचे नाव आपल्या चित्रपटाला दिले आहे म्हटल्यावर त्यात सगळ्याचा अर्क असणार, असा सोपा हिशेब करून, स्वतः आधी न पाहताच, मी तो लावला.

ज्यांना या प्रकाराची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'जाल्लो' म्हणजे इटालियन भाषेत पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढायला सुरुवात केली आणि पुढे इटलीत कोणत्याही गुन्हेकथेला 'जाल्लो' म्हणण्याची रीत पडली. (आपल्याकडे 'पिवळे पुस्तक' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते त्याच्याशी याचा काहीही संबंध नाही, हे त्या रात्री एका मित्राला मला दोनदा समजावून सांगावे लागले.) पडद्यावर हा प्रकार मारिओ बावा यांनी १९६३-६४ च्या सुमारास रुजवला, आणि १९७० मध्ये आर्जेंतो यांच्या पहिल्याच चित्रपटाने तो जगभर पोहोचवला. काळे हातमोजे घातलेला खुनी, धारदार पाते, आणि काहीतरी महत्त्वाचे पाहूनही ते काय होते हे न उमगलेला एक साक्षीदार, ही त्याची ठरलेली सामग्री आहे.

यापुढे चित्रपटातील रहस्य उघड केले आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

'जाल्लो'ची कथा तुरिन शहरात घडते. एक टॅक्सीचालक परदेशी, देखण्या तरुणींना पळवतो, त्यांना आपल्या अड्ड्यावर डांबतो आणि त्यांचे चेहरे विद्रूप करून त्यांना ठार मारतो. सेलीन ही मॉडेल त्याच्या तावडीत सापडते, तिची हवाईसुंदरी असलेली बहीण लिंडा पोलिसांकडे धाव घेते, आणि तिची गाठ पडते ती तळघरातल्या कचेरीत एकट्याने काम करणाऱ्या निरीक्षक एन्झोशी. एक जपानी तरुणी मरण्यापूर्वी आपल्या भाषेत जे पुटपुटते त्याचा अर्थ 'पिवळा' असा निघतो, आणि त्या एका शब्दावरून खुन्याला कावीळ झालेली असणार, असा तर्क लढवला जातो. म्हणजे नावातला पिवळेपणा इथे चक्क यकृताच्या विकारातून आलेला आहे. इथवर माझे मित्र शांत होते. मात्र तो पिवळा खुनी तोंडात लहान मुलाची चोखणी धरून संगणकावर आपल्या बळींची छायाचित्रे न्याहाळू लागला, तेव्हा घरात हशा पिकला आणि त्यानंतर चित्रपट भीतीच्या वाटेवर परत आलाच नाही.

निरीक्षकाची भूमिका एड्रियन ब्रॉडी यांनी केली आहे. खुन्याच्या भूमिकेपुढे श्रेयनामावलीत 'बायरन दैद्रा' असे नाव झळकते. पण त्या नावाची रोमन अक्षरे फिरवून लावली की 'एड्रियन ब्रॉडी' हेच नाव तयार होते. दोन्ही भूमिका एकाच नटाच्या आहेत. ही गोष्ट मला चित्रपट संपल्यावर वाचून कळली, पाहताना कळली नाही.

माझा प्रश्न असा आहे. ही पडझड कशामुळे झाली? वय हे कारण मला पटत नाही, कारण अडुसष्टाव्या वर्षी उत्तम काम करणारे दिग्दर्शक जगात पुष्कळ आहेत. पटकथा मुळात जिम ॲग्न्यू आणि शॉन केलर या दोघांनी लिहिली आणि आर्जेंतो त्यात नंतर सहभागी झाले, हे कारण असू शकेल काय? की आर्जेंतो यांच्या जुन्या चित्रपटांतही हे सगळे दोष होतेच आणि आपण भक्तिभावाने त्यांच्याकडे कानाडोळा केला? की हा चित्रपट म्हणजे त्या प्रकाराची जाणूनबुजून केलेली थट्टा आहे आणि ती आमच्या डोक्यावरून गेली? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

जुना प्रेक्षक

तुमचा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर 'होय, दोष होतेच' असे आहे. 'फेनोमेना'मध्ये कीटकांशी मनाने संवाद साधणारी मुलगी आहे आणि शेवटी वस्तरा हाती घेतलेले चिंपांझी माकड आहे. १९७१ च्या 'फोर फ्लाइज ऑन ग्रे व्हेल्वेट'मध्ये मृताच्या डोळ्याच्या पडद्यावर उमटलेले अखेरचे दृश्य यंत्राने टिपता येते, अशी समजूत बिनदिक्कत गृहीत धरली आहे. कथेच्या तर्कशुद्धतेसाठी आर्जेंतो यांच्याकडे कोणी कधीच गेले नाही. तेव्हा कावीळ, चोखणी आणि टॅक्सी यांच्यामुळे 'जाल्लो' फसला असे मी म्हणणार नाही. याहून अचाट गोष्टी त्यांनी पूर्वी आपल्या गळी उतरवल्या आहेत आणि आपण त्या आनंदाने गिळल्या आहेत.

मग काय बिनसले? माझे मत मांडण्यासाठी मला 'प्रोफोंदो रोस्सो'मधल्या एका दृश्यापाशी थोडे थांबावे लागेल. ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा वगळावा. मार्क हा पियानोवादक रात्री चौकात उभा असताना वरच्या मजल्यावरच्या खिडकीत एका बाईचा खून होताना पाहतो. तो धावत वर जातो. घरात शिरल्यावर एक लांबट मार्गिका लागते, तिच्या दोन्ही भिंतींवर चित्रे टांगलेली आहेत, आणि त्या चित्रांतले चेहरे फिकट, विकृत, भुतासारखे आहेत. मार्क त्यांच्यामधून घाईने पुढे जातो आणि कॅमेरा त्याच्याबरोबर जातो. पोलीस आल्यानंतर त्याला राहून राहून वाटते की मघाशी त्या भिंतीवर असलेले एक चित्र आता तिथे नाही. पुढचे दोन तास तो त्या नाहीशा झालेल्या चित्राच्या मागावर असतो. शेवटी तो त्याच मार्गिकेत परत येतो आणि त्याला उमगते की तिथे चित्र नव्हतेच, तिथे आरसा होता. खुनी बाई लपण्यासाठी चित्रांना खेटून उभी होती, तिचा चेहरा आरशात पडला होता, आणि आजूबाजूच्या चेहऱ्यांच्या गर्दीत मार्कने त्याला आणखी एक चित्र समजून सोडून दिले होते.

यातली खरी गंमत अशी की दिग्दर्शकाने आपल्याला फसवलेले नाही. पहिल्या वेळी मार्क मार्गिकेतून जातो तेव्हा तो चेहरा खरोखरच पडद्यावर आहे. तो क्षणभरच दिसतो, पण कोणताही आडपडदा न ठेवता दिसतो. चित्रपट मागे नेऊन पाहिला की अंगावर काटा येतो, कारण चूक मार्कची असते तितकीच आपलीही असते. आर्जेंतो यांच्या पहिल्या चित्रपटातही हेच आहे: कलादालनाच्या दोन काचांमध्ये अडकलेला लेखक झटापट पाहतो, आणि कोण कोणावर हल्ला करत होते याचा अर्थ उलटा लावून बसतो. आर्जेंतो यांचे उत्तम चित्रपट 'खुनी कोण' असे विचारत नाहीत, 'तू काय पाहिलेस' असे विचारतात.

आता 'जाल्लो'कडे वळू. खुनी कोण हा प्रश्न हा चित्रपट लवकरच सोडून देतो. त्याला माझी हरकत नाही. परंतु त्याबरोबर तो पाहण्याचा प्रश्नही सोडून देतो, आणि तिथे माझी मोठी हरकत आहे, कारण तो प्रश्न विचारण्याची अशी संधी आर्जेंतो यांना जन्मात दुसऱ्यांदा मिळाली नसती. एकच नट निरीक्षक आहे आणि खुनीही आहे. दोघांच्याही बालपणात आईशी जोडलेली एकेक जखम आहे. लिंडा दोघांनाही अगदी समोरासमोर पाहते. मग त्या पिवळ्या, सुजलेल्या चेहऱ्यात तिला कुठेतरी, एखाद्या काचेत, एखाद्या विशिष्ट उजेडात, एन्झोचा चेहरा दिसल्याचा नुसता भास व्हायला काय हरकत होती? तिला होऊ द्यायचा नसेल तर निदान आपल्याला तरी होऊ द्यायचा. पूर्वीच्या आर्जेंतो यांनी अख्खा चित्रपट त्या एका भासावर उभा केला असता. इथे मात्र नटाचा चेहरा कृत्रिम नाक आणि रंग यांच्याखाली गाडून टाकला आहे, आणि दोघांमधले साम्य शेवटी लिंडाच्या तोंडी संतापाच्या वाक्यातून, शब्दांत, सांगून टाकले आहे. म्हणजे जे डोळ्यांनी कळायला हवे होते ते कानांनी कळले, आणि जी गंमत पडद्यावर असायला हवी होती ती श्रेयनामावलीतल्या अक्षरांच्या कोड्यात जाऊन बसली. तुम्हाला ती चित्रपट संपल्यावर वाचून कळली, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच वाक्यात आहे.

'कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते' असे आपण म्हणतो. या चित्रपटात कावीळ झालेल्याला जग कसे दिसते हे दाखवण्याचीसुद्धा कोणी तसदी घेतलेली नाही.

पो नदीकाठचा

मी कामानिमित्त गेली काही वर्षे तुरिनमध्ये राहतो आहे, त्यामुळे 'जुना प्रेक्षक' यांच्या विवेचनाला एक स्थानिक पुरवणी जोडतो.

ज्या चौकातून मार्क खिडकीकडे पाहतो तो 'पियात्सा चेएलेएन' माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सान कार्लो चौकातल्या जुळ्या चर्चांच्या पाठीमागे, १९३० च्या दशकातल्या धिप्पाड, कोरड्या इमारतींच्या मध्ये हा चौक आहे. समोरासमोर दोन कारंजी आहेत आणि त्यांवर शहराच्या दोन नद्या पहुडलेल्या आहेत: दाढीवाला पुरुष म्हणजे पो, आणि स्त्री म्हणजे दोरा. चित्रपटात मार्कचा दारुडा मित्र कार्लो मध्यरात्री पोच्या पायथ्याशी बसलेला असतो, दोन माणसे आणि एक अवाढव्य दगडी देह यांच्याखेरीज चौकात चिटपाखरूही नसते, आणि तेवढ्यात वरून किंकाळी ऐकू येते. बाजूला जो उजळलेला मद्यालयाचा दर्शनी भाग दिसतो तो चित्रीकरणापुरता उभारलेला होता. एडवर्ड हॉपर यांच्या रात्रीच्या उपाहारगृहाच्या प्रसिद्ध चित्रावरून तो घेतला आहे, आणि त्यातली माणसेही चित्रातल्यासारखी जवळजवळ निश्चल ठेवली आहेत. पहिल्यांदा मी तिथे गेलो तेव्हा ते मद्यालय शोधत दोन फेऱ्या मारल्या, हे कबूल करायला हरकत नाही.

गंमत अशी की कथेनुसार तो चौक रोममध्ये आहे. तुरिन तिथे रोमचे सोंग घेऊन उभे आहे, आणि तरीही तुरिन इतके नीट मी दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात पाहिलेले नाही. या शहराला सुमारे १८ किलोमीटर लांबीच्या कमानदार पडव्या आहेत. पावसाळी संध्याकाळी त्यांच्याखालून चालताना पुढचा माणूस खांबाआड जातो, पुन्हा दिसतो, पुन्हा जातो, आणि मागून येणाऱ्या पावलांचा आवाज छतावरून उलटून पुढून आल्यासारखा वाटतो. आर्जेंतो यांना हे सगळे ठाऊक आहे. 'द कॅट ओ नाइन टेल्स'पासून 'स्लीपलेस'पर्यंत ते पुन्हा पुन्हा इथे आले. 'प्रोफोंदो रोस्सो'मधला ओसाड वाडा म्हणजे नदीपलीकडच्या टेकडीवरची 'व्हिला स्कॉट'. ती १९०२ साली पिएत्रो फेनोल्यो या वास्तुरचनाकाराने बांधली. चित्रीकरणाच्या काळी तिथे ख्रिस्ती जोगिणी (नन) मुलींचे वसतिगृह चालवत असत, आणि चित्रीकरणासाठी त्या सगळ्यांना समुद्रकिनारी सुट्टीवर पाठवले गेले होते, असे इथे सांगितले जाते. वाडा खाजगी आहे, फाटकाबाहेरूनच पाहावा लागतो, आणि उन्हात तो इतका नाजूक, वेलबुट्टीदार दिसतो की भीतीचा लवलेशही वाटत नाही. भीती आर्जेंतो यांनी त्यावर बाहेरून चढवली आहे.

'जाल्लो'मध्ये तुरिन उघडपणे तुरिन म्हणून आहे. पण मी तो चित्रपट पाहिला तेव्हा मला माझे शहर कुठे भेटलेच नाही. टॅक्सी फिरते, रस्ते येतात आणि जातात, पण ती टॅक्सी जगातल्या कोणत्याही मध्यम शहरात फिरली असती तरी कथेत काडीचा फरक पडला नसता. खुनी टॅक्सीचालक आहे, म्हणजे शहराची गल्ली न् गल्ली ठाऊक असलेला माणूस. त्याच्या डोळ्यांनी शहर दाखवायची केवढी सोय होती! या दृष्टीने 'जुना प्रेक्षक' यांचे म्हणणे मला पटते, फक्त मी ते चेहऱ्यांपुरते न ठेवता भिंतींनाही लावीन.

येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, म्हणजे मोले अँतोनेल्याना या उंच मनोऱ्याच्या इमारतीत, २०२२ मध्ये आर्जेंतो यांच्यावर मोठे प्रदर्शन भरले होते. मी तिथे दोनदा गेलो. 'प्रोफोंदो रोस्सो' आणि 'सस्पिरिया' यांच्यापाशी लोक रेंगाळत होते, छायाचित्रे काढत होते. मी दोन्ही वेळा शेवटच्या काही चित्रपटांच्या भागातून गेलो तेव्हा वाट अगदी मोकळी होती.

शंकासूर

सगळेच एका सुरात बोलू लागले की मला अस्वस्थ व्हायला होते, म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

पहिली गोष्ट, 'जाल्लो'चा शेवट. खुनी उंचावर लटकलेला आहे. सेलीन कुठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. लिंडा एन्झोला विनवते आहे की याला मरू देऊ नकोस. तो पडतो आणि मरतो. त्याबरोबर सेलीनचा पत्ताही जातो. एन्झो पाठ फिरवून निघून जातो. मग एका वाहनतळावर पहारेकऱ्याला एका मोटारीच्या डिकीतून कसलातरी आवाज येतो, आपण आत सेलीनला पाहतो, आणि चित्रपट संपतो. तिला कोणी बाहेर काढले की नाही, हे शेवटपर्यंत दाखवलेले नाही. नायकाने गुन्हेगाराला संपवले आणि त्यामुळेच जिला वाचवायचे तिचे मरण जवळजवळ ओढवून घेतले, इतका कडवट शेवट नेहमीच्या पोलिसी कथांमध्ये सहसा करत नाहीत. तुमच्या मित्रांचा हशा तोवर थांबला असता तर त्यांनाही तो जाणवला असता. अर्थात, हशा का थांबला नाही हा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे.

दुसरी गोष्ट, 'पूर्वीच्या आर्जेंतो यांनी असे केले असते' हा युक्तिवाद मला जरा सोयीचा वाटतो. आपण १९७५ च्या चित्रपटाची फूटपट्टी घेऊन २००९ चा चित्रपट मोजतो आणि तो कमी भरला की हळहळतो. ज्यांनी पटकथा लिहिली ते दोघे स्वतः या प्रकाराचे चाहते आहेत, आणि त्यांनी जुन्या आठवणींचे एक गाठोडे गुरूंच्या पुढ्यात आणून ठेवले. शिष्यांनी लिहिलेली आपलीच नक्कल समोर आल्यावर गुरूने काय करावे? मला वाटते आर्जेंतो यांनी ती पाट्या टाकल्यासारखी चित्रित केली. हा दोष आहेच, परंतु त्याला प्रतिभा आटली असे म्हणणे आणि त्या कामात मन नव्हते असे म्हणणे, यांत फरक आहे. 'तेनेब्रे'मध्ये त्यांनी कॅमेरा घराच्या एका खिडकीपासून भिंतीवरून, छपरावरून, पलीकडच्या खिडकीपर्यंत सुमारे अडीच मिनिटे न थांबता फिरवला होता. कथेला त्याची कसलीही गरज नव्हती. तो केवळ हौसेखातर फिरवला होता. 'जाल्लो'मध्ये असा एकही हौसेचा क्षण मला सापडला नाही, आणि शोधला मी बराच.

तिसरी गोष्ट व्यवहाराची. चित्रपट जून २००९ मध्ये एडिंबराच्या महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी खुद्द ब्रॉडी यांनीच मानधन थकल्याच्या कारणावरून न्यायालयात धाव घेऊन त्याची विक्री थांबवण्याची मागणी केली. ज्या घरात वाजंत्रीवालेच पैशांसाठी दारात बसले आहेत तिथल्या लग्नाकडून किती अपेक्षा ठेवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

जुना प्रेक्षक

शंकासूर, तुमचा हौसेचा मुद्दा मला मान्य आहे. किंबहुना माझ्या मुद्द्यापेक्षा तो सरस आहे. शेवटाबद्दल मात्र एवढेच म्हणेन की डिकीतले ते दृश्य चांगले आहे कारण त्यात कोणीतरी काहीतरी ऐकते आणि ते काय असावे याचा अंदाज घेत थबकते. चित्रपटात हा असा एकच क्षण आहे, आणि तो एका नाव नसलेल्या पहारेकऱ्याच्या वाट्याला आलेला आहे.

मंद्रसप्तक

या धाग्यात संगीताचा उल्लेख कोणीच केला नाही याचे आश्चर्य वाटले, म्हणून थोडक्यात लिहितो.

'प्रोफोंदो रोस्सो'चे संगीत आधी जॉर्जो गास्लिनी या जाझ संगीतकाराकडे होते. आर्जेंतो यांचे समाधान न झाल्यामुळे 'गोब्लिन' या तरुण रॉक वाद्यवृंदाला पाचारण करण्यात आले. त्या संगीताचे वैशिष्ट्य असे की ते प्रसंगाला साथ करत नाही, प्रसंगाच्या अंगावर धावून जाते. खुनाआधी लहान मुलांचे बडबडगीत वाजते. ते गोड आहे, आणि म्हणूनच दुसऱ्यांदा कानावर पडले की आपण खुर्चीत सावरून बसतो. 'सस्पिरिया'च्या वेळी तर चित्रीकरण चालू असतानाच संगीत मोठ्याने वाजवून नटनट्यांना बिचकवले जात असे. त्या काळी इटलीत संवाद नंतर ध्वनिमुद्रित करण्याचीच पद्धत होती, त्यामुळे सेटवर गोंगाट करायला कोणाची आडकाठी नव्हती.

'जाल्लो'चे संगीत मार्को वेर्बा यांचे आहे. ते वाद्यवृंदाचे, भारदस्त, व्यवस्थित संगीत आहे, आणि स्वतंत्रपणे ऐकले तर त्यात काही उणे नाही. पण ते प्रेक्षकाला प्रत्येक वेळी आधीच सांगते की आता घाबरायचे आहे, आता वाईट वाटून घ्यायचे आहे. भीतीचे वेळापत्रक असे हाती दिल्यावर प्रेक्षक चोखणी पाहून हसणार नाही तर काय करणार?

अर्धविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'पो नदीकाठचा' यांचे पडव्यांचे वर्णन वाचून तिकिटांचे दर पाहिले आणि खिडकी बंद केली, हेही नमूद करतो.

तुमचे प्रतिसाद वाचल्यावर मी 'जाल्लो'मधले लिंडा आणि खुनी समोरासमोर येतात ते दृश्य पुन्हा लावून पाहिले, या वेळी फक्त ब्रॉडी यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवून. दोघांत एक गोष्ट समान आहे: भुवया. रंगभूषाकाराला नाक बदलता आले, कातडी बदलता आली, पण त्या दोन टोकांना खाली उतरणाऱ्या, कायम दुखावल्यासारख्या भुवया तशाच राहिल्या आहेत. कॅमेरा मात्र त्यांच्याकडे बघत नाही. तो सुरी, फोड आणि पिवळेपणा दाखवण्यात गुंतला आहे. दिग्दर्शकाने ते साम्य ठेवले आणि वापरले नाही, की ते साम्य चुकून राहिले, हे मला ठरवता आले नाही. शंकासूर म्हणतात तसे मन नव्हते असे मानले तर दोन्हींचा परिणाम एकच होतो.

त्यानंतर, थट्टेची परतफेड म्हणून, काल त्याच तिघांना पुन्हा बोलावले आणि 'प्रोफोंदो रोस्सो' लावला. कोणालाही काही सांगितले नव्हते. लांबलचक मूळ इटालियन आवृत्ती होती, त्यामुळे पहिला अर्धा तास जरा चुळबूळ झाली. एकजण मधेच चहा करायला उठला. मार्क मार्गिकेतून धावला तेव्हा तो स्वयंपाकघरात होता, आणि बाकीच्या दोघांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

शेवटी आरसा आला. क्षणभर कोणी बोलले नाही, आणि मग ज्याला पिवळ्या पुस्तकांचा खुलासा दोनदा करावा लागला होता तोच म्हणाला, "थांब, मागे घे." आम्ही मागे घेतले. चेहरा होता. त्याने पुन्हा मागे घ्यायला लावले, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी तो पडद्याजवळ जाऊन उभा राहिला. दुसऱ्याचे म्हणणे असे की त्याने पहिल्याच वेळी पाहिला होता, फक्त बोलला नाही. रात्री दीड वाजेपर्यंत त्या दोघांचा यावरच वाद चालला होता. ज्याने तो प्रसंग चहाच्या आधणापुढे उभे राहून घालवला, तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.